कराचीचा टॉवेल शून्यावर, सोलापूरचा का नाही?

प्रश्न : सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. माग वडील बघतात, एक्स्पोर्टचं काम माझ्याकडे. हॅम्बुर्गची एक पार्टी बरीच वर्षं आमच्याकडून हॉटेलांसाठी टेरी टॉवेल घेते. गेल्या महिन्यात त्यांचा मेल आला : हाच माल कराचीहून शून्य ड्युटीत येतो, तुम्ही १० टक्के भाव उतरवा, नाहीतर पुढची ऑर्डर तिकडे जाईल. एवढं मार्जिन आमच्याकडे नाहीच. इकडे आमच्या कारखानदारांच्या ग्रुपने वाणिज्यमंत्र्यांना पाठवायचं निवेदन तयार केलंय. पाकिस्तान, बांगलादेश, तुर्कस्तान आणि व्हिएतनामला शून्य आणि भारताला ड्युटी हा उघड भेदभाव आहे, असा भेदभाव कुठल्याही सभ्य देशाला शोभत नाही, सरकारने युरोपकडे कडक निषेध नोंदवावा आणि त्यांच्या मालावर जशास तसा कर लावावा, असा मजकूर आहे. इंग्रजी मसुदा मी करायचा असं ठरलंय. वडील म्हणतात, कशाला सही करतेस, सरकारदरबारी कागद जातात आणि तिथेच राहतात. सही करू का? असल्या निषेधाने कधी काही झालंय का? आणि पार्टीला काय कळवू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सही करा, पण आत्ता आहे त्या मसुद्यावर नको. वडिलांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पण नेमक्या याच तक्रारीचा एक कागद दिल्लीहून जिनिव्हापर्यंत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेला होता, तिथे खटला उभा राहिला होता आणि भारत तो जिंकला होता. त्या जिंकण्यातून काय मिळालं आणि काय नाही, हे कळलं की निवेदनात काय लिहायचं ते आपोआप कळेल.

आधी तुमच्या मसुद्यातली चार नावं बघू. चौघांचा माल युरोपात शून्यावर किंवा शून्याच्या जवळपास जातो हे खरं, पण कारणं चौघांची वेगळी. तुर्कस्तानची युरोपशी १९९५ च्या अखेरीपासून कस्टम्स युनियन आहे, म्हणजे कारखानी मालाला आपसात ड्युटी नाही. तुर्कस्तानातल्या डेनिझलीत विणलेला टॉवेल युरोपच्या दृष्टीने जवळजवळ घरचाच. व्हिएतनामचा युरोपशी मुक्त व्यापार करार आहे, १ ऑगस्ट २०२० पासून लागू. बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीत आहे, आणि युरोप त्या यादीतल्या देशांकडून शस्त्रास्त्रं सोडून बाकी सगळं २००१ पासून विनाशुल्क घेतो. हे तिन्ही प्रकार जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत बसतात. मूळ नियम असा, की एकाला दिलेली सवलत सगळ्यांना द्यायची. तो गॅट या जागतिक व्यापाराच्या मूळ कराराच्या पहिल्याच कलमात आहे. पण त्याच कराराचं २४ वं कलम कस्टम्स युनियन आणि मुक्त व्यापार करारांना मोकळीक देतं, आणि १९७९ च्या एका निर्णयाने गरीब देशांना जास्तीची सवलत द्यायलाही परवानगी आहे. तेव्हा ही तीन नावं काढून टाका. ती ठेवली, तर मंत्रालयातला पहिलाच अधिकारी कागद बाजूला सारेल, आणि त्याचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही.

राहिला पाकिस्तान. भांडणाला जागा असलीच तर ती इथेच आहे.

ऑक्टोबर २००१ मध्ये अफगाणिस्तानात युद्ध सुरू झालं. पाकिस्तान अमेरिकेच्या बाजूने उभा राहिला आणि त्याच्या पदरात काहीतरी घालणं युरोपला भाग होतं. त्यांच्याकडे एक जुनी योजना पडून होती : अमली पदार्थांच्या शेतीशी आणि तस्करीशी झगडणाऱ्या देशांना शून्य शुल्क. मुळात ती कोलंबिया, पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या देशांसाठी होती, पुढे मध्य अमेरिकेतले काही आले. १ जानेवारी २००२ पासून त्या यादीत पाकिस्तानचं नाव घातलं गेलं. यादीत १२ देश, त्यातले ११ लॅटिन अमेरिकेतले. बाराव्याचा मुख्य माल कापड. आणि त्या कापडाचा युरोपातला सख्खा शेजारी-स्पर्धक कोण, हे तुम्हाला सांगायला नको.

भारताने ५ मार्च २००२ रोजी जिनिव्हात युरोपकडे औपचारिक सल्लामसलतीची मागणी नोंदवली. वर्तमानपत्रं ज्याला निषेध म्हणतात, त्याचं व्यापारातलं दात असलेलं रूप हे. राजदूताने जाऊन खलिता दिला तर समोरचा तो घेतो, चहा पाजतो आणि फाइलला लावतो. जिनिव्हातल्या मागणीला मात्र घड्याळ असतं. साठ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर तक्रार करणाऱ्याला पंच मंडळ मागता येतं. बोलणी फिसकटली, २००३ च्या जानेवारीत पंच मंडळ बसलं आणि त्या डिसेंबरात निकाल भारताच्या बाजूने लागला. युरोपने अपील केलं. ७ एप्रिल २००४ ला अपीलाचा निकाल आला, तोही भारताच्याच बाजूने. पण तो नीट वाचण्यासारखा आहे.

भारताचा युक्तिवाद होता, की विकसनशील देशांना सवलत द्यायची तर सगळ्यांना सारखीच द्या. पंचांनी तो मान्य केला होता. अपील मंडळाने तो बाजूला ठेवला. त्यांनी म्हटलं, देशांच्या गरजा वेगळ्या असतील तर सवलती वेगळ्या चालतील, मात्र सारख्या परिस्थितीतल्या देशांना सारखं वागवलं पाहिजे. मग युरोप हरला कशावर? यादीवर. १२ नावं छापलेली होती, पण यादीत यायला कोणती कसोटी, बाहेर कधी पडायचं, तेराव्या देशाने अर्ज कुठे करायचा, यातलं काही लिहिलेलंच नव्हतं. नावं आधी ठरली आणि निमित्त मागून आलं, हे कागदावरूनच दिसत होतं.

युरोपला दुरुस्तीसाठी १ जुलै २००५ पर्यंत मुदत मिळाली. त्यांनी ती योजना गुंडाळली आणि नवी आणली, आज जिला जीएसपी प्लस म्हणतात ती. मानवी हक्क, कामगार, पर्यावरण, सुशासन यांवरचे २७ आंतरराष्ट्रीय करार मान्य करा, अर्ज करा, शून्य घ्या. शिवाय अट अशी, की सवलतीत युरोपला येणाऱ्या एकूण मालात तुमचा वाटा १ टक्क्याच्या आत हवा. पाकिस्तानचा वाटा त्याहून मोठा होता, त्यामुळे तो बाहेर पडला.

म्हणजे वडिलांना सांगा, फरक पडला होता. भारताची ड्युटी एका पैशाने उतरली नाही, कराचीची चढली. दोघं पुन्हा एका रांगेत आले आणि काही वर्षं त्याच रांगेत राहिले. असल्या लढाईत जिंकून मिळतं ते एवढंच. तुमच्या ग्रुपमध्ये ज्यांना वाटतंय की निषेध केला की सोलापूरचा टॉवेल शून्यावर येईल, त्यांना हे आधी समजवा.

पुढचा भाग जरा कडू आहे. २०१० मध्ये पाकिस्तानात महापूर आला. मदत म्हणून युरोपने ७५ वस्तूंवरची ड्युटी काढायचं ठरवलं, त्यात बहुतेक कापडच. ही सवलत एकाच देशाला नाव घेऊन दिलेली, म्हणून तिला जिनिव्हात सगळ्यांची खास परवानगी लागणार होती. भारताने ती बराच काळ अडवून धरली आणि २०११ च्या अखेरीस हरकत मागे घेतली. का घेतली? त्याच सुमारास इस्लामाबादने भारताला 'सर्वाधिक अनुकूल राष्ट्रा'चा दर्जा, म्हणजे इतर देशांसारखीच वागणूक, द्यायचं जाहीर केलं होतं. आपण त्यांना तो १९९६ मध्येच दिलेला. त्यांच्याकडून तो शेवटपर्यंत आला नाही. सवलत मात्र फेब्रुवारी २०१२ मध्ये मंजूर झाली आणि त्या नोव्हेंबरात लागूही झाली. दिल्लीला बड्या राजकारणासाठी कापडवाल्यांची बाजू सोडावीशी वाटते, हे तेव्हा दिसलं. ते वाईटच असं मी म्हणणार नाही. पण निवेदन लिहिताना हे ध्यानात ठेवावं : सोलापूरचा टॉवेल हा परराष्ट्र धोरणाच्या टेबलावरचा एक कागद आहे, एकमेव नाही.

दरम्यान युरोपने जीएसपी प्लसचे नियम नव्याने लिहिले आणि वाट्याची मर्यादा १ वरून २ टक्क्यांवर नेली. १ जानेवारी २०१४ पासून पाकिस्तान आत. या वेळी बंद यादी नव्हती. कसोटी छापलेली, अर्जाची सोय छापलेली, सगळं रीतसर. फक्त सदरा कुणाच्या अंगाची मापं घेऊन शिवला होता, ते बघणाऱ्याला दिसत होतं. भारताचा वाटा इतका मोठा, की त्या सदऱ्यात आपला हातही जाणार नाही. २००४ च्या निकालातून युरोप काय शिकला असेल तर हे : भेदभाव करायचाच तर नावाने करू नये, मोजपट्टीने करावा.

याविरुद्ध आज खटला उभा राहील का? कागदावर राहील. पण जिनिव्हाचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद आहे, कारण अमेरिकेने नव्या नेमणुका अडवल्या आणि मंडळ रिकामं झालं. पंचांनी तुमच्या बाजूने निकाल दिला आणि समोरच्याने अपील केलं, तर ते ऐकायला कुणी नाही. निकाल तसाच अधांतरी राहतो.

आता 'जशास तसा कर' हे वाक्य. ते कृपा करून काढा. आपण युरोपच्या वाइनवर १५० टक्के घेत आलोय, मोटारींवर १०० च्या वर. आपल्या टॉवेलवर ते जास्तीत जास्त १२ घेतात. जशास तसं म्हटलं तर त्यांना आनंदच होईल. प्रत्युत्तराचा कर कधी शोभतो? अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के चढवले, २०१९ च्या जूनमध्ये आपल्या मालाला असलेली जुनी शुल्क-सवलतही काढली, तेव्हा आपण बदाम, अक्रोड, सफरचंद धरून २८ वस्तूंवर कर वाढवला. तिथे त्यांनी आधी पाऊल उचललं होतं. २०२३ मध्ये दोघांनी बसून ते मिटवलं. युरोपने टॉवेलवरचा दर आपल्याविरुद्ध वाढवलेला नाही, दुसऱ्याचा उतरवलाय. दोन्हींनी पोटाला सारखाच चिमटा बसतो, पण कायद्याला त्या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात.

'सभ्य देशाला शोभत नाही' हेही नको. पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये आपण पाकिस्तानचा 'सर्वाधिक अनुकूल राष्ट्रा'चा दर्जा काढला आणि त्यांच्या मालावर सरसकट २०० टक्के लावले. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणासाठी नियमांत तशी वाट आहे, आणि तो निर्णय योग्य होता की नव्हता हा इथला विषय नाही. पण तत्त्वाचा झेंडा उभारलात, तर समोरचा पहिलं बोट तिथेच ठेवेल.

मग निवेदनात ठेवायचं काय? आकडे, आणि ते तुमच्या टेबलावरच आहेत. हॅम्बुर्गला गेलेलं शेवटचं इनव्हॉइस काढा. टेरी टॉवेलचा कोड ६३०२ ६०. युरोपचा मूळ दर १२ टक्के. विकसनशील देशांसाठीची साधी सवलत या मालाला मिळाली तर तो ९.६ वर येतो. ही सवलत कायमची नसते. ठरावीक काळाने युरोप एखाद्या देशाचा एखादा मालगट 'आता सक्षम झाला' म्हणून वगळतो. भारताचं सूत आणि थानाचं कापड २०१४ पासून असंच वगळलेलं आहे. टॉवेल तयार वस्तूंच्या गटात येतो, त्याचा आजचा दर टारिक नावाच्या त्यांच्या ऑनलाइन यादीत कोड आणि देश टाकून स्वतः बघा. एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका.

ड्युटी बसते ती भाडं आणि विमा धरून, म्हणजे सीआयएफ किमतीवर. समजा, कंटेनरमध्ये २०,००० नग आहेत आणि नगाला ३ युरो पडतात. माल ६०,००० युरोचा. १२ टक्क्यांनी ड्युटी ७,२००, ९.६ ने ५,७६०. फरक १,४४० युरोचा. आता पार्टीच्या १० टक्क्यांकडे बघा. कराचीचा भाव तुमच्याइतकाच धरला, तर ९.६ असताना त्याच्याशी बरोबरी करायला तुम्हाला पावणेनऊ टक्के उतरावं लागेल, १२ असताना जवळपास पावणेअकरा. पार्टी १० मागतेय, म्हणजे तिच्या डोक्यात बहुधा १२ आहे. सवलत लागू असूनही ती १२ भरत असेल, तर भांडण ब्रुसेल्सशी नाही, तुमच्या कागदपत्रांशी आहे.

हे कसं होतं? ६,००० युरोवरच्या मालाला सवलत हवी असेल, तर निर्यातदाराने रेक्स या युरोपच्या निर्यातदार-नोंदणी पद्धतीत नोंदणी करून इनव्हॉइसवर आपल्या नंबरासह मालाचा मूळ देश सांगणारं ठरावीक वाक्य छापावं लागतं. विणणं आणि शिवणं दोन्ही भारतात झालं असेल तर टॉवेल भारतीय मूळचा ठरतो, सूत कुठलंही असो. नंबर घेतलेला असतो, पण ते वाक्य इनव्हॉइसच्या टेम्प्लेटमध्ये घालायचं राहून जातं. किंवा वाक्य असतं, पण पार्टीचा कस्टम्स ब्रोकर आयात घोषणा भरताना सवलतीचा कोडच टाकत नाही. पार्टीकडून जर्मन कस्टम्सच्या आयात घोषणेची प्रत मागवा. त्यावर दर छापलेला असतो. चुकून जास्त भरलं गेलं असेल तर मुदतीत परतावाही मागता येतो, तो त्यांच्या ब्रोकरने मागायचा.

ग्रुपमधल्या दहा जणांनी एवढं केलं, तर निवेदन तयारच झालं : कोड, भरलेली ड्युटी, गेलेल्या किंवा अडलेल्या ऑर्डरी, आणि पार्ट्यांच्या मेलच्या प्रती, नावं झाकून. 'कराचीहून शून्यात मिळतो' असं खरेदीदाराने स्वतः लिहिलेलं वाक्य तुमच्या पन्नास विशेषणांपेक्षा जड आहे. पाकिस्तान ते २७ करार पाळतो की नाही, यावर मात्र काही लिहू नका. ग्रुपमध्ये कुणाला तरी तो मोह होईलच. तुमचा कागद टॉवेलचा राहू द्या.

आणि मागायचं काय, तेही एकच ठेवा. भारत-युरोप मुक्त व्यापार कराराची बोलणी २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये अडकली, २०२२ मध्ये पुन्हा बसली आणि २७ जानेवारी २०२६ ला दिल्लीत पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. घोषणेनुसार करार लागू होताच कापडाच्या वस्तूंवरची ड्युटी शून्य होणार आहे. पण घोषणा वेगळी आणि लागू होणं वेगळं. मध्ये कायदेशीर तपासणी आहे, भाषांतरं आहेत, सह्या आहेत, युरोपीय संसदेची मान्यता आहे. मंत्र्यांकडे मागणी करायची ती ही वाट लांबू न देण्याची, आणि टॉवेलचा कोड पहिल्याच दिवशी शून्यावर येतो की टप्प्याटप्प्याने, ते लेखी कळवण्याची. निषेधाची भाषा गाळलीत तरी काही बिघडत नाही. निवेदन टेक्सप्रोसिल (सुती कापड) किंवा पेडेक्सिल (यंत्रमाग) या निर्यात परिषदांमार्फत पाठवा आणि एक प्रत खासदारांना द्या. जिनिव्हात तक्रार फक्त सरकारला करता येते, कारखानदाराला नाही, आणि सरकार परिषदेकडून आलेला आकडा आधी उघडतं.

पार्टीला १० टक्के कबूल करू नका. त्यांना लिहा, की आयात घोषणेची प्रत पाठवा, दर तपासून आठवड्यात उत्तर देतो. १२ चे ९.६ झाले, तर ती बचत त्यांचीच आहे. ती त्यांच्यासमोर आकड्यात मांडा आणि वर स्वतःहून दीड-दोन टक्के सोडायची तयारी ठेवा, त्याहून जास्त नाही. तयार कापडी मालाला राज्य आणि केंद्राचे छुपे कर परत मिळतात, त्या आरओएससीटीएल योजनेचे स्क्रिप, म्हणजे विकता येणारी क्रेडिट्स, तुम्ही वेळेवर विकताय ना? बरेच जण ते खात्यात ठेवून विसरतात, आणि ते दीड-दोन टक्के कित्येकदा तिथूनच निघतात. शिवाय ऑर्डरमध्ये एक अट घाला : करार लागू होऊन ड्युटी उतरली की त्या दिवसापासूनच्या मालाला सोडलेला भाव परत जोडला जाईल आणि उरलेली बचत अर्धी-अर्धी. आत्ता ही अट सहज मान्य होईल, कारण आज ती त्यांना फुकटची वाटते. करार लागू झाल्यावर घालायला गेलात तर कुणी ऐकणार नाही.

पार्टी तरीही कराचीला गेलीच, तर पहिल्या खेपेला जाऊ द्या. हॉटेलवाले जीएसएम (चौरस मीटरचं वजन) आणि धुलाईनंतर टॉवेल किती आकसतो ते बघतात, आणि तुमच्या मालाची त्यांना सवय आहे. मेलचा मसुदा पाठवण्याआधी वडिलांना दाखवा. सुताचा आजचा भाव त्यांना माहीत आहे, दोन टक्के झेपतात की दीड, हे त्यांनाच ठरवू द्या.